काडीची खालची बाजू

मामा काडी खालच्या टोकाला तिरकी कापायचा आणि आत्या वरच्या टोकाला. एवढ्याशा गोष्टीवरून दोन घरांत कित्येक वर्षं धुसफूस चालू होती. दोघांची भाची एकच असल्यामुळे दोन्हीकडचं ऐकून घ्यायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं.

मामाचं म्हणणं असं की तिरकं टोक मातीत सहज घुसतं, शिवाय तिरक्या कापाची जखम मोठी, म्हणजे मुळं फुटायला जागा जास्त. आत्याचं म्हणणं असं की तिरक्या टोकावर पाणी थांबत नाही, त्यामुळे काडी वरून कुजत नाही. दोघांचंही बरोबर होतं, आणि खरी पंचाईत तीच होती. एकाचं तरी चूक असतं तर वाद कधीच मिटला असता.

दोघांच्याही रोपवाटिका होत्या. दोघंही फांद्यांच्या काड्या कापून त्यांना मुळं फोडायचे आणि रोपं करून विकायचे. कापलेल्या काडीला पान नसतं, शेंडा नसतो, काही नसतं. दोन्ही टोकं डोळ्यांना सारखीच दिसतात. म्हणून एक टोक तिरकं, एक सरळ. लावणाऱ्याला वरची बाजू कुठली ते कळावं, एवढ्याचसाठी ही खूण. झाडाला खुणेची गरज नसते. काडी बोटभर उरली तरी तिला आपलं मूळ कुठल्या अंगाला आणि पान कुठल्या अंगाला ते पक्कं ठाऊक असतं. काडीत एक संप्रेरक असतं, ते शेंड्याकडून बुडाकडे वाहत येतं, बुडाशी साठतं आणि तिथे मुळं फुटतात. काडी आडवी टाका, उलटी टांगा, ती आपलं बूड बदलत नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

हे सगळं भाची कॉलेजात शिकली होती. हात मात्र तिचा मामाच्या अंगणात तयार झाला. शाळेच्या सुट्ट्यांत तिने मामाच्या शेजारी बसून, खालून तिरक्या, हजारो काड्या कापल्या. पुढे आत्याच्या रोपवाटिकेत कामाला लागली तेव्हा आत्याने पहिल्याच दिवशी तिच्या हातातली कात्री काढून घेतली होती.

"हे माहेरचं वळण इथे नको."

"आत्या, तूच तर माझं माहेर."

"मग तुझ्या आईचं माहेर म्हण. तिकडचं नको. इथे तिरकं वर."

भाचीने हात वळवून घेतला. आता आत्याच्या मुळं फोडायच्या शेडचा सगळा कारभार तिच्याकडे होता आणि शेडमध्ये तिचा शब्द चालत होता. तो चालावा असंच तिचं काम होतं.

अशात मामाची तुती काढायची वेळ आली.

मामाच्या अंगणातली ती तुती म्हणजे साधं झाड नव्हतं. पंजाएवढी, जाड, गुळगुळीत पानं. बाजारात तुतीच्या रोपांना तोटा नाही, पण त्या पानाची तुती दुसरीकडे कुठे नव्हती. मामाच्या वडिलांना ती कुठून मिळाली ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि नंतर सांगायला ते उरले नाहीत. खोड आतून पोकळ झालं होतं आणि झाड शेजारच्या छपरावर कलत होतं. त्यात नेमकी त्याच्याच मुळांखालून सांडपाण्याची नवी नळी जायची होती, म्हणजे बुंधा ठेवून फुटव्याची वाट बघायचीही सोय नव्हती. झाड मुळासकट निघणार होतं. बियांतून रोपं केली तर ती आईवर जातीलच असं नाही, शंभरातली नव्वद भलत्याच पानाची निघतात. झाड टिकवायचं तर त्याच्या काड्यांनाच मुळं फुटली पाहिजेत. आणि मामाकडे ना धुक्याचे फवारे, ना झाकलेला वाफा. त्याची तऱ्हा उघड्यावरची, आणि पोकळ झाडाच्या अशक्त काड्या उघड्यावर तगल्या नसत्या.

मामाने फोन केला तो आत्याला नाही, भाचीला.

"पिल्लू, काड्या तुझ्याकडे पाठवतोय. आहेत त्या एवढ्याच. झाडाला आता फांदी राहिलेली नाही."

"पाठव मामा. मी लावते."

"आत्याबाई लावतील की तू?"

"आत्याच्या मनगटाला प्लास्टर आहे. मीच लावणार. काळजी करू नकोस, झाड माझ्यावर सोड."

"सोडलं," मामा म्हणाला आणि फोन ठेवला. तो फोनवर कधीच जास्त बोलत नसे. फोन तापतो असं त्याचं मत होतं.

काड्या टेम्पोतून आल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या जुड्या, आणि प्रत्येक काडी चिकणमातीच्या लेपाने माखलेली. ही मामाची जुनी पद्धत. लेपामुळे काडी वाटेत सुकत नाही. लेप काढायचाही नाही, कारण काढताना आतले डोळे, म्हणजे जिथून पुढे कोंब फुटतात ते बारीक कळ्यांसारखे उंचवटे, खरडले जातात. जुडीत दिसत होतं ते एवढंच: मातीने बरबटलेल्या काड्या, एक टोक तिरकं, एक सरळ.

वाळूचे वाफे तयार होते. लावणीच्या बायका उकिडव्या बसल्या होत्या. त्यांच्यातली सगळ्यात जुनी, जिला सगळे थोरली म्हणत, तिने पहिली जुडी सोडली आणि सवयीने काडी तिरकं टोक वर धरून वाळूत खोचायला घेतली.

"थांबा," भाची म्हणाली. "आज उलटं. तिरकं खाली."

थोरलीने काडीकडे बघितलं, मग भाचीकडे. "बाईंनी जन्मभर तिरकं वर शिकवलं, आणि आज खाली?"

"या काड्या मामाच्या हातच्या आहेत. मामा खालून तिरकं कापतो."

"नक्की?"

"थोरले, सूर्य एखाद्या दिवशी पश्चिमेला उगवेल. मामा वरून तिरकं कापणार नाही."

बायका हसल्या. भाचीने स्वतः पहिली काडी तिरकं टोक खाली करून वाळूत दाबली. मग सगळ्यांचे हात चालू लागले. संध्याकाळच्या आत वाफा भरला, वर प्लास्टिकचा बुटका बोगदा ओढला आणि आत धुक्याचा फवारा सुरू झाला. प्लास्टिकवर आतून थेंब धरले आणि काड्या दिसेनाशा झाल्या.

आत्याच्या शेडमध्ये एक नियम होता: बोगदा लावला की तिसऱ्या आठवड्याशिवाय उघडायचा नाही. सारखं उघडून बघितलं की दमटपणा जातो आणि काड्या घाबरतात, असं आत्या म्हणायची. काड्या घाबरत नाहीत, सुकतात, हे भाचीला माहीत होतं. पण नियम योग्य होता, म्हणून शब्दावरून तिने कधी वाद घातला नाही.

मधल्या दिवसांत मामाकडचं झाड निघालं. खड्ड्यात नळी पडली, वर मुरूम पडला. मामाचा त्यानंतर एकदाच फोन आला. "कशा आहेत?" "आहेत." "बरं." तेवढंच.

बोगदा उघडायच्या दिवशी आत्या स्वतः शेडमध्ये आली. तिला अर्थातच मामाच्या झाडाची काळजी वगैरे अजिबात नव्हती. ती फवाऱ्याच्या तोट्या बघायला आली होती. तोट्या बघून झाल्या, तरी ती वाफ्याजवळून हलली नाही.

"उघड की. मुहूर्त काढायचाय का?"

भाचीने प्लास्टिक उचललं. उबदार, ओलसर हवा तोंडावर आली. धुक्याने काड्यांवरचा लेप धुऊन गेला होता आणि तपकिरी साल स्वच्छ दिसत होती. कोंब मात्र एकाही काडीला नव्हता. आणि जवळपास प्रत्येक काडीच्या वरच्या टोकाला, कापाच्या कडेने, पांढरं काहीतरी धरलं होतं.

"बुरशी!" आत्या ओरडली. "गेलं सगळं. म्हणून सांगते, पाणी न थांबणारं टोक वर पाहिजे. सरळ टोक वर ठेवलंस, पाणी साठलं, बुरशी धरली. औषध आण, अजून चार वाचतील."

भाची औषध आणायला गेली नाही. तिने नखाने ते पांढरं दाबून बघितलं. बुरशी नखाखाली विरते, बोटाला कापसासारखी लागते. हे टणक होतं. कापाच्या कडेने जखम भरून आल्यासारखी दाणेदार गोल कड आणि त्या कडेतून बाहेर डोकावणारी बारीक, टोकदार, पांढरी टोकं.

तिने खाली वाकून काडीचा डोळा शोधला. पान गळतं तिथे सालीवर वण राहतो आणि त्या वणाच्या लगेच वर, म्हणजे शेंड्याच्या बाजूला, डोळा असतो. पानाच्या बगलेतच तो जन्मतो, त्याला दुसरी जागा नाही. या काडीवर वण वर होता आणि डोळा त्याच्या खाली. तिने दुसरी काडी बघितली, तिसरी बघितली. सगळ्या तशाच.

"आत्या, ही बुरशी नाही."

"मग काय केस आलेत?"

"मुळं आहेत."

आत्याने स्वतः वाकून ते पांढरं नखाने दाबून बघितलं.

"काड्या उलट्या लागल्यात. आपण आकाशाकडे केलंय ते त्यांचं बूड आहे. धुक्यामुळे हवेतच ओल मिळाली, म्हणून त्यांनी मुळं तिथेच काढायला घेतली."

तिने एक काडी हलकेच बाजूची वाळू सैल करून वर काढली. वाळूतल्या टोकाला एक पांढरा कोंब फुटला होता. उजेड न मिळाल्याने रंग नाही, पानं मिटलेली, आणि फुटल्या फुटल्या वळून वर निघालेला. अंधारात, वाळूत, उलट्या काडीवर असूनही वर कुठे ते त्याला कळलं होतं. चूक फक्त माणसांनी केली होती.

"म्हणजे मामाने तिरकं वर कापलं होतं?" आत्या म्हणाली. "तुझ्या मामाने?"

भाचीने फोन काढला आणि तिथेच उभ्याने लावला. "मामा, तू काड्या कशा कापल्या होत्यास?"

"का?"

"सांग ना."

"तिरकं वर."

"का?"

"अगं, तिकडच्या बायकांना ती सवय. माझ्या हट्टापायी शेवटच्या काड्या उलट्या लागल्या असत्या तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं? म्हटलं, एक दिवस आत्याबाईंसारखं कापू. मरत नाही मी."

"मग सांगायचं नाही का!"

"सांगून काय करायचं होतं? गावभर झालं असतं, मामा नमला. पण तू का विचारतेस?"

भाचीने सांगितलं. फोन चालू होता, तापत असणार.

"आलोच," मामा म्हणाला.

तो येईपर्यंत शेडमध्ये वाद पेटला. आत्याचं म्हणणं सरळ होतं. लावलेली काडी मधेच हलवायची नाही. कोवळं मूळ काचेसारखं असतं, हात लागला की तुटतं. कोंब वळून वर निघालाच आहे, वाळूतून बाहेर येईल, मग बघू. उपटाल तर आहे तेही घालवाल.

"कोंब वर येईल," भाची म्हणाली, "पण मुळं हवेत आहेत, त्यांचं काय? बोगदा उघडला की दोन दिवसांत वाळतील. मग तो कोंब जगणार कशावर?"

"खालच्या टोकाला नवी मुळं येतील."

"येतील, पण कधी? काडीत अन्न साठलंय तेवढंच आहे, त्यातलं निम्मं खर्च झालंय. तिला दुसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात करायला लावायची नाही. तिने स्वतःचं काम बरोबर केलंय. आपण फक्त तिला सरळ करायचं."

"आणि मोडली तर?"

"काही मोडतील. बाकीच्या जगतील."

"फार खात्रीने बोलतेस."

"बघितलंय म्हणून बोलतेय. कापाकडे नाही, काडीकडे. आधीच तसं बघायला हवं होतं, ते चुकलं. आता चुकणार नाही."

आत्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. नियम मोडायला निघालेल्या माणसाला ती एरवी शेडबाहेर काढत असे. पण शेड भाचीचं होतं, ते तिनेच दिलं होतं, आणि दिलेलं परत घ्यायचं तर चारचौघींसमोर घ्यावं लागलं असतं. "एक ओळ माझ्यासाठी ठेव," ती शेवटी म्हणाली. "ती हलवायची नाही. मग कळेल कोण शहाणं ते."

"ठेवते. कडेची घे."

मामा आला तेव्हा भाचीने बायकांना कामाला लावलंही होतं. खोचायचं नाही. वाळूत बोटभर खोल चर काढायचा. काडी सोडवून उलटी करायची, मुळांचं टोक चरात अलगद टेकवायचं, वरून वाळू घालायची आणि दाबायची नाही, पाण्याने बसू द्यायची. पांढरे कोंब एकदम उजेडात येऊन भाजतील म्हणून वर हिरवी जाळी दुहेरी ओढलेली. आणि प्रत्येक काडी लावायच्या आधी अंगठा फिरवून डोळा शोधायचा. वण खाली, डोळा वर. तिरकं-सरळ काय आहे ते कुणी बघायचंच नाही.

मामा दारात थबकला. आत्या समोर स्टुलावर बसली होती. दोघांची गाठ एखाद्या लग्नाकार्यातच पडायची, आणि तेव्हाही मध्ये जेवणाची पंगत असायची.

"या मामासाहेब," आत्या म्हणाली. "ऐकलं, आमची पद्धत पसंत पडली."

"पसंत नाही पडली. नाइलाज होता."

"पण कापलंत छान हो. एकाही टोकाला कूज नाही."

"ती टोकं तुम्ही वाळूत पुरली होती, आत्याबाई. वर राहिली असती तर कुजली असती."

थोरलीला हसू आवरेना. ती चरावर वाकून हसत राहिली. भाचीने मान वर न करता हुकूम सोडला, "मामा, बूट काढ आणि या टोकाला बस. आत्या, तू डावा हात चालव. झारीने पाणी घालायला एक हात पुरतो. हलक्या धारेनं. बोलायचं असेल तर काम करता करता बोला."

मामा बूट काढून बसला. त्याने पहिली काडी हातात घेतली, तिच्या टोकाची पांढरी मुळं बघितली आणि ती चरात ठेवताना श्वास रोखून धरला. त्या झाडाच्या फांद्या तो लहानपणापासून तोडत आला होता. एवढं जपून त्याने एकही कधी धरली नसेल. मध्ये दोन-तीन काड्यांची मुळं मोडली. प्रत्येक वेळी तो चुकचुकला, आणि प्रत्येक वेळी आत्या म्हणाली, "होतं हो, होतं."

काम संपलं तेव्हा भाचीने बोगदा परत ओढला. आतून थेंब धरले.

पहिल्या दिवसांत काही कोंब करपले. ते पांढरेच राहिले आणि गळून पडले. भाची रोज प्लास्टिकला कान लावल्यासारखी वाकून बघायची, पण आत हात घालायची नाही. मग उरलेल्या कोंबांना आधी पिवळट आणि मागून हिरवी झाक आली. जे आधी वळून वर निघाले होते ते आता उलट झाल्यावर जमिनीकडे वाकले, थांबले आणि पुन्हा वर वळले. त्यामुळे प्रत्येक रोपाच्या बुडाशी एक वेलांटी आली. मुळं मात्र पहिल्यापासून तयार होती. ती वाळूत सरळ खाली गेली.

आत्याच्या ओळीतले कोंबही वाळूतून वर आले, आणि दोन दिवस आत्या त्यांच्याजवळ रेंगाळली. मग ते मलूल झाले. वरची मुळं वाळून दोऱ्यासारखी झाली होती आणि खाली नवी फुटली नव्हती. एका सकाळी भाची शेडमध्ये आली तेव्हा ती ओळ रिकामी होती. आत्याने ती स्वतःच उपटली होती.

रोपं पिशव्यांत भरली तेव्हा लावलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जगली होती. एका झाडाची जात टिकायला एक रोप पुरतं. इथे तर ओळीच्या ओळी उभ्या होत्या. मामा ती बघायला आला. पहिलं पूर्ण उलगडलेलं पान त्याने तोडलं नाही, नुसती हाताची बोटं पसरून त्याच्या मागे पंजा धरला. पान पंजाएवढं होतं, थोडं मोठंच. जाड, गुळगुळीत.

"तेच आहे," तो म्हणाला.

"तेच असणार," भाची म्हणाली. "काडी तिचीच आहे. दुसरं कुठून येईल?"

"तुमच्या तुतीचं पान चांगलं, हे मी पहिल्यापासून म्हणते," आत्या म्हणाली.

"कधी म्हणालात?"

"तुमच्यासमोर कशाला म्हणू?"

मामाने नळीपासून लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला एक खड्डा घेऊन ठेवला होता. भाचीने त्याच्यासाठी सगळ्यात दणकट रोप काढलं. आत्याने ते हातातून घेऊन बाजूला ठेवलं आणि दुसरं, थोडं लहान पण भरगच्च मुळांचं, मामाच्या हातात दिलं.

"हे न्या. ते वर वर मोठं दिसतं. याच्या पिशवीच्या भोकांतून मुळं बाहेर आलीत."

मामाने पिशवी उलटी करून बुडाला बघितलं. तिचं बरोबर होतं. त्याने ते रोप टेम्पोत पुढे, स्वतःच्या पायांशी ठेवलं आणि वाटभर एका हाताने धरून नेलं.